ऐंशी चेंडूंचा नियम

मी बेसबॉल खेळायचो असं सांगितलं की आमच्या भागात दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "मंजी ते अमेरिकेतलं?" आणि दुसरा, "त्याचं सर्टिफिकेट चालतंय का?" पहिल्याचं उत्तर मी देतो. दुसरा प्रश्न विचारणाऱ्याकडं मी एवढी वर्षं नुसता बघायचो, आणि ते बघणं काही प्रेमाचं नसायचं.

ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी काही जागा राखीव असतात. राज्य पातळीवर पहिल्या तिनात आलेल्या संघाचं प्रमाणपत्र हातात असलं की त्या रांगेत उभं राहता येतं, आणि ती रांग बाकीच्या रांगेपेक्षा पुष्कळ आखूड असते. कुस्ती-कबड्डीत पहिल्या तिनात यायचं तर हाडं मोडून घ्यावी लागतात. म्हणून शहाणी माणसं असा खेळ शोधतात जो फारसं कुणी खेळत नाही. बेसबॉल त्यासाठी उत्तम. आमच्याकडं या खेळाच्या जिवावर वर्दी चढवलेली आणि खुर्चीत बसलेली कितीतरी माणसं आहेत, आणि ग्लोव्ह कुठल्या हातात घालायचा हे त्यातल्या अनेकांना आजही सांगता येणार नाही.

स्पर्धेचं उद्घाटन बघा. पाहुणे येतात. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, जिथं उभा राहतो तो मातीचा उंचवटा असतो, त्याला ते स्टेज समजतात आणि बूट घालून त्यावर चढतात. बॅटवाला जिथं उभा राहतो आणि धाव पुरी करायला जिथं परत यावं लागतं, त्या घराच्या बेसवर नारळ फोडतात. पाण्याचा चिखल होतो, खोबरं कावळे नेतात आणि पहिला खेळाडू त्या चिखलात घसरून पडतो. मग पाहुण्यांच्या हातात बॅट देतात आणि ते ती क्रिकेटसारखी जमिनीला टेकवून उभे राहतात. "आमीबी लहानपणी इटीदांडू लय खेळलोय," हे वाक्य मी इतक्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकलंय की त्याचीच एखादी छापील प्रत माईकला चिकटवून ठेवावी असं मला वाटायचं.

मी स्वतः मात्र खरा पिचर होतो. हे गर्वानं सांगतोय, कारण गर्व करावा असं माझ्याकडं दुसरं काही नाही.

आमचं गाव कडेगावच्या बाजूला, चारी बाजूंनी ऊस. शिकायला सांगलीत आलो आणि तिथल्या ड्रिलच्या सरांच्या तावडीत सापडलो. सर मूळचे तालमीतले. कुठल्याशा शिबिरात चार दिवस बेसबॉल बघून आले होते आणि नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स घेऊन आले होते. खेळ त्यांना तेवढाच ठाऊक. पण शिकवायची पद्धत त्यांची पक्की होती, ती म्हणजे तालमीची. पैलवान जसे जोर काढतात तसे त्यांनी माझ्याकडून चेंडू काढले. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर, आणि रविवारी सुट्टी म्हणून दीडशे. खांदा दुखतोय म्हटलं की ते खूश व्हायचे.

"दुखतंय मंजी वळण पडाय लागलंय. अजून पन्नास टाक."

रात्री खांद्यावर हळदीचा गरम लेप, सकाळी तेल लावून गुडघ्यानं रगडा, की परत शंभर. अंग दुखलं तर आणखी मेहनत करायची, दुखणं आपसूक जातं, हे तालमीचं शास्त्र. पैलवानाच्या मांडीला ते लागू पडत असेल. चेंडू फेकणाऱ्या खांद्याची गोष्ट निराळी. तो खांदा मोजून वापरायचा असतो. हे आमच्या सरांना सांगणारं कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्याला त्यांनी दोन बैठका मारून दाखव म्हणून हाकललं असतं.

त्या हातावर मी विद्यापीठ खेळलो, राज्य खेळलो, तीनदा राष्ट्रीय स्पर्धेला गेलो. मग एका सरकारी खात्यानं खेळाडूंच्या जागेवर मला घेतलं. खात्याचा संघ होता. सकाळी मस्टरवर सही ठोकायची आणि मैदानात जायचं. पगार फायलींचा, काम चेंडू फेकायचं. या देशात बेसबॉलपटू व्यावसायिक होतो तो एवढाच. सात वर्षं मी तो होतो. आठव्या वर्षी एका सामन्यात चेंडू हातातून सुटला तो अर्ध्या वाटेत जमिनीवर पडला आणि माझा हात शर्टाच्या रिकाम्या बाहीसारखा लोंबायला लागला. डॉक्टरांनी आत काय काय फाटलंय ते फोटोत दाखवलं. आजही मला उजव्या हातानं वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. खात्यानं मला टेबल दिलं, फायली दिल्या. संघाला नवा पिचर मिळाला. भेटायला कुणी आलं नाही, आणि मीही कुणाची वाट बघत होतो असं दाखवलं नाही.

पुढं मी प्रशिक्षणाचा कोर्स केला आणि नोकरी सांभाळून आष्ट्याच्या एका मैदानावर सकाळी मुलींना शिकवायला लागलो. पहिल्याच दिवशी मी नियम केला. एका दिवसात ऐंशी चेंडू. ऐंशी झाले की पिचरनं चेंडू माझ्या हातात द्यायचा, सामना कुठंही असो. आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती. मोजायला मी ते बोटात घालायचं जपाचं यंत्र घेतलं, बटण दाबलं की आकडा पुढं सरकतो ते. मैदानाच्या कडेला मी बटण दाबत उभा असायचो. लोकांना वाटायचं सर भाविक आहेत.

ती मला त्याच मैदानावर मिळाली. पोलीस भरतीसाठी पळायला यायची. शेजारच्या गावातली, बाप फौजेतून हवालदार होऊन परत आलेला, घरी थोडा ऊस. एकदा आमचा चेंडू तिच्या पायाशी गेला. तिनं तो उचलून फेकला आणि तो माझ्या डोक्यावरून, पलीकडच्या कुंपणावर जाऊन आदळला. मी एवढ्या वर्षांत असा हात बघितला नव्हता. माझासुद्धा नाही. मी धावत तिच्याकडं गेलो, खेळ समजावून सांगितला, तिच्या हातात केवढी देणगी आहे ते सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"सर, ह्यात सर्टिफिकेट मिळतंय न्हवं?"

माझ्या मनातून ती तिथल्या तिथं उतरली. हात देवाचा आणि डोकं बाजारातलं, असं मी घरी येऊन बायकोला म्हणालो. बायको म्हणाली, "तुमी काय भजन कराय गेलावता व्हय?" तिलाही मी त्या दिवशी मोजलं नाही.

पण शिकवलं मनापासून. दोन वर्षांत ती अशी पिचर झाली की समोरच्या मुली बॅट फिरवायच्या तोवर चेंडू कॅचरच्या हातात जाऊन बसलेला असायचा. खेळावर तिचं प्रेम होतं का? मला नाही वाटत. ती कामाला यावं तशी यायची. वेळेवर यायची, सांगितलं तेवढं करायची, ऐंशी झाले की चेंडू माझ्या हातात देऊन पळायला जायची. बाकीच्या मुलींचं तर विचारूच नका. सोळा जणींच्या यादीत खेळणाऱ्या सहा. उरलेल्या दहा जणी भरतीची जाहिरात यायच्या सुमारास कुठून कुठून उगवल्या होत्या. त्यातल्या दोघी आमच्या जिल्हा बेसबॉल संघटनेच्या सेक्रेटरींच्या, एक भाची आणि एक भाचीची जाऊ. जाऊबाई पहिल्या दिवशी मैदानावर पैंजण घालून आल्या होत्या.

अशांना कुठं उभं करायचं याची आमच्याकडं रीत आहे. नाव धावपत्रकात यायला पाहिजे म्हणून प्रत्येकीला एकदा तरी मैदानात उतरवायचं. उजव्या कोपऱ्यात चेंडू सहसा जात नाही, तिथं आळीपाळीनं एकेकीला नेऊन ठेवायचं. गावच्या जत्रेत मानकऱ्यांना बसवतात तसं. मी ही रीत पाळायचो आणि पाळताना मनात शिव्या द्यायचो. शिव्या दिल्या म्हणजे आपण त्यातले नाही, असा माझा समज होता.

राज्य स्पर्धा साताऱ्यात झाली, तीन दिवसांची. नारळ फुटला, चिखल झाला, विटीदांडूही झाला. पहिल्या दिवशी तिनं ऐंशी चेंडूंत सामना मारला. दुसऱ्या दिवशी नियमानं तिला विश्रांती. पण दुसरी पिचर म्हणून माझ्याकडं जी मुलगी होती तिचा चेंडू तीनदा टाकल्यावर एकदा सरळ जायचा. उपांत्य सामना. नियम बाजूला ठेवून मी पहिलीलाच परत उतरवलं. साठ चेंडूंवर आम्ही हरलो. राहिला तिसऱ्या दिवशीचा सामना, तिसऱ्या क्रमांकाचा. जिंकला तर सोळाच्या सोळा जणींना प्रमाणपत्र. हरला तर नुसता सहभागाचा कागद, ज्यात चिवडा बांधता येतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला विचारलं, "खांदा कसा आहे?"

"काय झालं न्हाई सर."

खोटं बोलत होती. सकाळी ती वेणी घालताना मान हाताकडं नेत होती, हात मानेकडं जात नव्हता, हे मी लांबून बघितलं होतं. तरी उतरवलं. चाळीसच चेंडू, असं स्वतःला बजावलं. चाळीस झाल्यावर म्हटलं, साठ. साठाला म्हटलं, आपला नियम ऐंशीचाच आहे की. आपल्या नियमाला आपणच असा चुना लावत मी तिथं उभा होतो.

सातांपैकी सहा डाव झाले तेव्हा आम्ही तीन धावांनी पुढं होतो. एक डाव राहिला होता. तीन जणी बाद करायच्या, बस्स. आणि माझ्या बोटातल्या यंत्रावर ऐंशी हा आकडा उभा होता.

शेवटचे दहा चेंडू मी बघितले होते. तिचं कोपर खाली यायला लागलं होतं. खांदा साथ देईनासा झाला की हात कोपरातून फेकायला लागतो. मला ते कुणी सांगायची गरज नव्हती, ते मी माझ्या अंगावर जगलो होतो. अजून पंधरा-वीस चेंडू. कदाचित काही झालं नसतं. कदाचित तिथंच फाटलं असतं. मी आत जायला निघालो तसे जाळीपलीकडून आयाबाप ओरडायला लागले. तिचा बाप पुढं आला. फौजेतून आलेली माणसं बोलतात तसं त्यानं मला सांगितलं,

"साहेब, चलने दो. पोरगी दमल्याली न्हाई. मी हाय की बघाय."

आणि मागून सेक्रेटरी म्हणाले, "आवं सर, आता शेवटाला काय शानपणा करू नका. गप बसा."

इथं मला खरं सांगितलं पाहिजे. ते "गप बसा" माझ्या डोक्यात गेलं. या माणसाची भाची, भाचीची जाऊ, उजव्या कोपऱ्यात उभ्या राहून नखं बघणाऱ्या त्या सगळ्या, त्यांच्या नोकऱ्यांसाठी या एका पोरीचा हात फाडायचा? मी मैदानात गेलो ते तिची काळजी म्हणून किती आणि सेक्रेटरीची जिरवायची हौस म्हणून किती, याचं प्रमाण मला आजही लावता येत नाही.

मी उंचवट्यावर जाऊन हात पुढं केला. तिनं चेंडू ग्लोव्हमध्ये घट्ट धरून ठेवला होता.

"सर, तीनच जणी हायत."

"ऐंशी झाले."

"मी टाकते म्हनते न्हवं? माझा हात हाय."

"दे."

दोन वर्षांत तिनं कधी मला उलट उत्तर दिलं नव्हतं. मी तिच्या ग्लोव्हमधून चेंडू अक्षरशः काढून घेतला. ती खाली मान घालून बाहेर गेली आणि बाकावर न बसता मैदानाकडं पाठ करून उभी राहिली.

दुसऱ्या पिचरनं पुढं जे केलं त्याचं वर्णन करायला नको. चार चेंडू बाहेर गेले की समोरची मुलगी आयती पहिल्या बेसवर जाते. अशा चार जणी तिनं ओळीनं पाठवल्या, बेस भरले होते, त्यामुळं चौथीनं पहिलीला घराच्या बेसवर ढकललं, ती त्यांची एक धाव. मग एकीनं चेंडू उजव्या कोपऱ्यात मारला. तिथं जाऊबाई होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, चेंडू कुंपणापर्यंत गेला आणि बेसवरच्या तिघीही घरी पोचल्या. आम्ही एका धावेनं हरलो.

 परतीच्या गाडीत कराड सोडल्यावर एका मुलीच्या आईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सोताचं झालंय, मग दुसऱ्याचं कशाला हू दील?" मी खिडकीतून बाहेर बघत होतो. मला खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. या सगळ्या कागदाच्या भुकेल्या माणसांत खेळाशी इमान राखलेला मी एकटा, असं मी स्वतःला सांगत होतो. लोकांना मी म्हणायचो की भरतीत गोळाफेक असते, खांदा गेला असता तर पोरगी गोळा कसा फेकणार होती? पण हा मुद्दा मला त्या दिवशी सुचलाच नव्हता. नंतर, लोक विचारायला लागल्यावर सुचला.

संघटनेनं मला काढून टाकलं. मी त्याची बढाई मारली. मनातून मी एका गोष्टीची वाट बघत होतो. ती येईल आणि म्हणेल, सर, तुम्ही माझा हात वाचवलात. माझा वाचवायला कुणी आलं नव्हतं, त्यामुळं या वाक्याची किंमत मला जास्त ठाऊक होती.

ती आली, पण भरतीची यादी लागल्यावर. सुट्टीचा दिवस होता, मी घरी पेपर वाचत बसलो होतो. ग्लोव्ह परत द्यायला आली होती. तो तिनं धुवून पुसून, तेल लावून आणला होता. बायकोनं चहा दिला. मी विचारलं, भरतीचं काय झालं?

"न्हाई झालं. गोळ्यात पैकीच्या पैकी पडलं."

माझा चेहरा खुलला असावा. मी म्हणालोही, "बघ, खांदा शाबूत राहिला म्हणून."

"व्हय," ती म्हणाली. "खेळाडूंच्या यादीत जी शेवटची पोरगी लागली न्हवं, तिच्यापरास मला बारा मार्क जास्त हायत. तिच्याकडं सर्टिफिकेट हाय."

मी चहाचा कप खाली ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब समजून घ्यायला आल्यासारखी ती विचारत होती.

"सर, तुमाला नोकरी कशावर लागली?"

"खेळाडूंच्या जागेवर."

"आनि खांदा गेल्यावर काढून टाकलं काय तुमाला?"

"नाही."

"मग तुमी खांदा दिला आनि नोकरी घेतली. मलाबी तेच पायजे हुतं. मला इचारलंबी न्हाई तुमी."

मी काहीतरी बोललो. आयुष्यभराचं दुखणं, तुझं वय, पुढं खेळता येईल, असलं काहीतरी. पुढं म्हणजे कुठं, हे तिनं विचारलं नाही. तेवढी तिनं माझी लाज राखली. फक्त आपला उजवा हात समोर धरून त्याच्याकडं बघत म्हणाली,

"आता पावण्यांचं बघणं सुरू केलंय आमच्या अण्णांनी. येवढा चांगला हात घिऊन मी काय करू सर? भाकरी थापू?"

बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली. ज्यांना मी इतकी वर्षं कागदाचे भुकेले म्हणून हिणवलं त्यांच्यातला पहिला मीच, आणि माझं पोट भरलेलं होतं म्हणून मला खेळाची शुद्धता सुचत होती, हे मला माझ्याच घरात, मी पायजम्यावर बसलो असताना एका पोरीनं न ओरडता दाखवून दिलं. मला लाज वाटली. इतकी की तिच्याकडं मला मान वर करून बघवेना.

चहा संपवून तिनं कप आत नेऊन विसळला. मग बाहेर येऊन, कोचला नमस्कार करायचा तसा, वाकून माझ्या पायाला हात लावला. उजवाच. तिनं शिवी दिली असती तर मला परत तिचा राग करता आला असता.